एका खात्यावर दोन वाचक

मुद्रितशोधकाने खिडकीचे दुसरे दार ढकलले, तेव्हा ऊन अजून टेबलाच्या त्याच्याच बाजूला होते. समोरच्या गोदामाचे पत्रे ओलांडून ते रोज साडेआठच्या सुमारास पोटमाळ्यावरच्या या खोलीत उतरत असे. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खालच्या कोपऱ्यावर आणि तिथून घसरत टेबलावर. त्याला तेज असे फारसे नसे. रात्रभर दोरीवर राहिलेल्या चादरीसारखे ते थोडे ओलसर, थोडे सुरकुतलेले असे. लाल पेन्सिलींचा डबा, कागदांवर ठेवायचा काचेचा गोळा, फुटपट्टी, कान तुटलेला कप या सगळ्यांना ते एकेक करून शिवे आणि कुणाचेही रूप न पालटता पुढे सरके. नऊ वाजता ते टेबलाच्या मधोमध येई. सव्वानऊला त्याची कड पलीकडच्या बाजूला मूळ प्रतीवर ठेवलेल्या दोन हातांपर्यंत पोहोचे, आणि त्यानंतर तासाभराने ते आले तसेच, कुणाला न सांगता, खोलीतून निघून जाई. अकरा वर्षांत मुद्रितशोधकाने या उन्हाविषयी कुणाजवळ अवाक्षर काढले नव्हते. काढण्यासारखे त्यात काही नव्हतेही. मात्र घड्याळाकडे न पाहता सव्वानऊ झाल्याचे त्याला नेमके कळत असे.

हात वाचकबाईंचे होते.

“नवा परिच्छेद,” त्या वाचत होत्या. “माशाच्या खवल्यावर, स्वल्प, झाडाच्या बुंध्यात असतात तशीच, स्वल्प, वलये असतात, पूर्ण. ती मोजून माशाचे वय सांगता येते, पूर्ण. कंस सुरू, थंडीतील वलये दाट, स्वल्प, उन्हाळ्यातील विरळ, कंस बंद.”

छापखान्याची ही जुनी रीत होती. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने छापून आलेल्या कच्च्या पानावर नजर ठेवून चूक सापडेल तिथे लाल खूण करायची. बाई वाचत, तो खुणा करी. दिवसाचे सात तास, आठवड्याचे सहा दिवस. सवय अशी जडली होती की एकदा डॉक्टरांकडे गेल्यावर “ताप आहे, स्वल्प, खोकला नाही” असे बाई बोलून गेल्या होत्या, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःच खाली जाऊन साऱ्या छापखान्याला सांगितली होती. मुद्रितशोधक असले काही कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता. खालचे लोक त्याला ‘अनुस्वार’ म्हणत. सगळ्यांच्या डोक्यावर बसतो आणि बोलतो ते नाकातल्या नाकात, म्हणून. त्याच्या कानावर ते आले होते. त्याने त्याचा राग मानला नव्हता. उपमा चुकलेली नव्हती.

बाईंनी ओळीवर बोट तसेच ठेवून मान वर केली.

“शोधक, घेतलंत का?”

“काय?”

“काय म्हणे! पंधरा दिवस कानीकपाळी ओरडतेय. यंत्र.”

“पाहून आलो दोनदा. विचार चाललाय.”

“घोड्यावर बसायचं नाहीये तुम्हाला, पुस्तक वाचायचंय.” त्यांनी पिशवीतून आपला ई-रीडर काढून उन्हात ठेवला. शाळकरी पाटीएवढा, राखाडी, कडांना झिजलेला. “हे बघा. तुमचं यंत्र माझ्याच खात्याला जोडायचं. माझी तीनशे बारा पुस्तकं तुमची. मी एखाद्या ओळीखाली रेघ मारली की तुम्हाला दिसणार, तुम्ही मारली की मला. ना पार्सल, ना टपाल. आणि गंमत म्हणजे, कोण कुठवर पोचलंय तेसुद्धा कळतं.”

“तेसुद्धा कळतं?”

“टक्क्यांत. शाळेच्या निकालासारखं. तुम्ही नापास होऊ नका म्हणजे मिळवली.”

मुद्रितशोधक हसला. मग त्याने लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतले. तिचे टोक काढलेलेच होते.

महिनाअखेरीला बाई जाणार होत्या. मूळ प्रत आणि छापलेले पान ताडून पाहणारी संगणकप्रणाली छापखान्याने घेतली होती, तेव्हा एकाने वाचून दाखवायची गरज पहिल्या तारखेपासून उरत नव्हती. व्यवस्थापक स्वतः जिना चढून ही बातमी द्यायला आले होते आणि धाप लागल्यामुळे ती त्यांना दोन हप्त्यांत द्यावी लागली होती. मुद्रितशोधकाला ठेवणार होते. प्रणाली दाखवील त्या चुकांवर अखेरची नजर टाकायला माणूस लागणारच होता. बाईंची धाकटी बहीण बसने चौदा तासांच्या अंतरावरच्या एका गावी मुलींचे वसतिगृह चालवत होती. बाई तिच्याकडे राहायला जाणार होत्या. ठरले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “चला, आता पोरींवर ओरडताना तरी स्वल्पविराम लागणार नाहीत.”

अकरा वर्षांत ही दोघे या इमारतीबाहेर कधी भेटली नव्हती. कामाखेरीज त्यांच्यात एकच देवघेव होती. दर सोमवारी बाई घरून एक पुस्तक आणत आणि ते त्याच्यापुढे सरकवत. दहाबारा दिवसांनी तो ते परत करी. “छान आहे,” म्हणे, कधी “भाषा नेटकी आहे,” म्हणे, क्वचित “बांधणी उत्तम.” बाई मान हलवीत आणि पुस्तक पिशवीत टाकीत. असे किती वेळा झाले असेल याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. पण त्या गेल्यावर सोमवार हा नुसता सोमवार उरणार होता, आणि तसे होऊ द्यायचे नसेल तर मार्ग एकच होता. तो बाईंनी टेबलावर, उन्हात ठेवून दाखवला होता.

“कागदाचा वास यायला हवा हो पुस्तकाला,” तो म्हणाला.

“छापखान्यात इतकी वर्षं काढून अजून वास यायचा राहिलाय?” बाई म्हणाल्या, आणि बोटाखालच्या ओळीवर परतल्या. “पूर्ण. नवा परिच्छेद.”

*

“भाऊजी, त्या यंत्राचं घोडं कुठं अडलंय?” रात्रीच्या जेवणाला वहिनीने विचारले.

“चाललाय विचार.”

“तुमच्या दादानं हे घर घेतलं तेव्हा इतका विचार केला नव्हता.”

“म्हणूनच न्हाणीघरात जायला स्वयंपाकघरातून वाट आहे,” दादा ताटातून नजर न काढता म्हणाला.

“माझ्या मागं पुस्तकं कमी का आहेत? त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. एक पाटी घेतली की सगळी त्यात मावतील, आणि माझी धूळ झाडायची कटकट जाईल. मी तर म्हणते, डोळे मिटून घ्या.”

“डोळे मिटून कसं वाचणार गं आई?” पुतणी म्हणाली. ती महाविद्यालयात जीवशास्त्र शिकत होती आणि आईच्या बोलण्यात खोट काढणे हा तिचा जोडविषय होता.

घरी त्याची ख्याती वाचणारा म्हणून होती. ही ख्याती त्याने मिळवली नव्हती, ती त्याच्याकडे आपोआप चालत आली होती. छापखान्यात बांधणी वाकडी गेलेल्या, पुठ्ठा डागाळलेल्या प्रती कामगारांना फुकट मिळत; इतर जण त्या वाटून टाकत, तो घरी आणी. त्यांचे थर चढत गेले आणि घरच्यांनी त्याला त्या थरांवरून ओळखायला सुरुवात केली. पाहुण्यांना ती खोली दाखवली जाई. “आमचे भाऊजी,” वहिनी म्हणे, “जेवण विसरतील, पण वाचन नाही.” हे ऐकताना तो खाली पाही, आणि लोक ते नम्रतेत जमा करत.

“मासा किती वर्षांचा आहे ते कसं ओळखतात, माहीत आहे का तुला?” तो पुतणीला म्हणाला.

“नाही.”

त्याने सांगितले. खवल्यावरची वलये, थंडीतली दाट, उन्हाळ्यातली विरळ. काही जातींत खवले भरवशाचे नसतात, तिथे कानातले बारीक हाड पाहावे लागते. मग बोलण्यातून बोलणे निघाले आणि तो जुन्या दगडी पुलांच्या कमानींवर आला. मधला दगड निखळला तर अख्खी कमान का कोसळते, ते त्याने भाकरीचे तुकडे मांडून दाखवले. दादाने जेवण थांबवून ते पाहिले. एरवी नाकातल्या नाकात बोलणारा माणूस अशा वेळी स्वच्छ, ठाशीव बोलत असे.

“काका, हे सगळं तुमच्या लक्षात कसं राहतं? मी अख्खं पुस्तक वाचते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.”

“कामात आलं होतं.”

“ते वाचतात, तू पानं उलटतेस,” वहिनी म्हणाली. “फरक आहे.”

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि गरजेपेक्षा बराच वेळ तोंडाशी धरला.

जेवणानंतर त्याने बाईंनी दिलेले या सोमवारचे पुस्तक घेतले आणि दिव्याखाली बसला. शेवटचेच होते ते; यानंतर सोमवार नव्हता. पहिले पान त्याने उघडले. समास डावीकडे जास्त सुटला होता. चौथ्या ओळीत शब्दांमधली अंतरे विस्कटली होती. पाचव्या ओळीत कुणीतरी फाटक उघडत होते. कुणी, ते पाहायला तो मागे गेला तेव्हा एका अक्षराची वेलांटी तुटकी असल्याचे त्याला दिसले. तो नवव्या पानापर्यंत पोहोचला. कागद मध्यम प्रतीचा होता, शाई एकसारखी लागली होती, आणि फाटक उघडणारा माणूस अजून कोण ते कळले नव्हते. दिवा फार पिवळा आहे, त्याच्या मनात आले. गेल्या वर्षी दिवा फार पांढरा होता. म्हणून त्याने तो बदलला होता. त्याच्या आधी शेजारचा रेडिओ होता. त्याच्याही आधी त्याची नोकरी नवी होती, आणि मन रमायला वेळ लागतो, असे त्याने ऐकले होते.

त्याने पुस्तक मिटले. खूण म्हणून घातलेला कागद मात्र अर्ध्याच्या पुढे नेऊन ठेवला. वहिनी सकाळी झाडलोट करी.

*

“या, या. तिसरी खेप,” दुकानदार म्हणाला. “आज रिकाम्या हातानं सोडत नाही तुम्हाला.”

हा एक गोल, हसरा माणूस होता. फोनपासून विजेरीपर्यंत सारे विकणारा, पण ई-रीडरच्या कपाटापाशी आला की आवाज जरा खाली आणणारा. त्याने यंत्र सुरू करून मुद्रितशोधकाच्या हातात दिले.

“नुसतं वजन कसलं बघताय, भाजी आहे का? वाचून बघा की.”

मुद्रितशोधकाने एक पान वाचले. बोटाने स्पर्श करताच दुसरे आले, तेही वाचले. दुकानदार काउंटरवर कोपरे टेकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

“वाचलंत?”

“वाचलं.”

“कसं वाटलं?”

“सातव्या ओळीत दोन शब्द चिकटलेत.”

“ते सोडा हो. गोष्ट कशी वाटली? ही गोष्ट वाचून मला रडू आलं होतं. आणि मी दुकानदार माणूस.”

मुद्रितशोधकाने पुन्हा पडद्याकडे पाहिले. शब्द ठसठशीत होते. एक बाई होती, एक पत्र होते, पावसाळी हवा होती. ती रडत होती की पत्र लिहिणारा, आणि पत्र आले होते की जायचे होते, हे त्याला सांगता आले नसते.

“बरी आहे,” तो म्हणाला.

“करता काय तुम्ही?”

“मुद्रितशोधक आहे. छापखान्यात.”

“मग बरोबर!” दुकानदाराने काउंटरवर थाप मारली. “माझा मेव्हणा खानावळ चालवतो, घरी आला की जेवणाकडं बघवत नाही त्याला. दिवसभर तेच ते. तुमचे डोळे थकलेले आहेत, साहेब, बाकी काही नाही. यात अक्षर मोठं होतं. हे असं. अजून मोठं. बघा, आता आंधळासुद्धा वाचील.”

हे कारण मुद्रितशोधकाला मनापासून पटले. इतके स्वच्छ, इतके बिनतक्रार कारण त्याला आजवर कुणी दिले नव्हते. थकलेले डोळे. दिवा नव्हता, रेडिओ नव्हता, डोळे होते. मोठे अक्षर, कमी ओळी, आणि पलीकडे चौदा तासांवर कुणीतरी तीच ओळ वाचते आहे ही जाणीव. एवढे असल्यावर कुणालाही वाचता यावे. त्याने यंत्र घेतले. दुकानदाराने ते बांधून देताना सांगितले, “नाहीच जमलं तर सात दिवसांत परत चालतं. खोका तेवढा फाडू नका.”

त्या संध्याकाळी त्याने दार लोटून घेतले आणि यंत्रात आधीपासून भरलेले एक नमुन्याचे पुस्तक उघडले. अक्षर मोठे केले. अजून मोठे केले. खाली कोपऱ्यात एक टक्का असे उमटले होते. तो पान पाहत राहिला. काही वेळाने त्याने घड्याळ समोर ठेवले. बाईंना एक पान वाचायला किती वेळ लागतो हे त्याला सेकंदांपर्यंत ठाऊक होते. विरामचिन्हे वगळली तर त्याच्या तीन चतुर्थांश. तेवढा वेळ झाला की तो काचेला बोट लावी. दोन टक्के. तीन. बाहेर वहिनी आणि पुतणी कशावरून तरी वाद घालत होत्या. चार. मधूनच एखाद्या ओळीखाली रेघ मारावी लागेल, हे त्याच्या ध्यानात आले. कोणती ओळ, हे ठरवणे त्याला जरा कठीण गेले. अखेरीस ज्या ओळीची मांडणी चांगली बसली होती तिच्याखाली त्याने रेघ मारली. अकरा टक्क्यांवर त्याने यंत्र बंद केले. नवी वस्तू आहे, हात बसवायला हवा. त्याने स्वतःची समजूत घातली. हे नुसते हात बसवणे आहे.

*

शुक्रवारी तो खोका घेऊन जिना चढला. बाईंचा एकच दिवस उरला होता. खणांतले त्यांचे सामान आधीच पिशवीत गेले होते: चष्म्याचा जुना डबा, खोकल्याच्या गोळ्या, घसा बसला की पांघरायची शाल. टेबलाची ती बाजू ओकीबोकी दिसत होती.

“आणलंत!” खोका पाहून बाई उठूनच उभ्या राहिल्या. “मला वाटलं, मी म्हातारी होऊन मरेन आणि तुम्ही विचारच करत बसाल. द्या इकडं.”

त्यांनी यंत्र मांडीवर घेतले, आपले त्याच्या शेजारी ठेवले आणि शाळेतल्या मुलीसारखी जीभ दातांत धरून जोडणी करू लागल्या. मुद्रितशोधक समोर उभा होता. थोड्या वेळाने त्याच्या यंत्रावर पुस्तकांची नावे एकाखाली एक उतरू लागली. ती उतरत राहिली. बाई दोन्ही पडदे डोळ्यांसमोर धरून, ताडून पाहत होत्या.

“तीनशे बारा. एकसुद्धा गळलं नाही.” त्या समाधानाने म्हणाल्या. “सांगा, पहिलं कोणतं उघडून देऊ?”

याचे उत्तर त्याने रात्री तयार करून ठेवले होते. बाईंचे फार आवडते म्हणून त्याच्या लक्षात राहिलेले एक पुस्तक होते. देताना त्या नेहमीपेक्षा जास्त हसल्या होत्या.

“ते बेटावरच्या दोन बहिणींचं. तुम्ही चारेक वर्षांपूर्वी दिलं होतंत बघा. ते पुन्हा वाचायचंय. त्याचा शेवट फार चटका लावून गेला होता.”

बाईंचे बोट पडद्यावर थांबले. त्यांनी लगेच वर पाहिले नाही.

“शोधक,” त्या म्हणाल्या, “त्या पुस्तकाला शेवट नव्हता.”

“म्हणजे?”

“माझ्या प्रतीला नव्हता. शेवटचा फर्माच नव्हता. बांधणाऱ्यानं त्याच्या जागी आधीचाच फर्मा परत घातला होता. सोळाच्या सोळा पानं तीच. थोरली बहीण होडीत पाय टाकते, आपण जीव मुठीत धरून पान उलटतो, तर ती परत स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली.” त्यांना आताही हसू आले, पण ते फार टिकले नाही. “मला इतकं हसायला आलं होतं. मुद्दाम तुम्हाला दिलं. म्हटलं, उद्या येतील तणतणत लाल पेन्सिल घेऊन. त्या बांधणाऱ्याची काही खैर नाही.”

मुद्रितशोधकाने खुर्ची मागे ओढली, पण तो बसला नाही.

“तुम्ही बारा दिवसांनी आणून दिलंत,” बाई म्हणाल्या, “आणि म्हणालात, शेवट चटका लावून गेला.”

खाली मोठे यंत्र सुरू झाले. पोटमाळ्याची जमीन नेहमीसारखी बारीक थरथरू लागली आणि डब्यातल्या पेन्सिली एकमेकींवर वाजू लागल्या. त्याने त्यांच्यावर हात ठेवला.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“बोलले असते, तर मग सोमवारी पुस्तक द्यायला निमित्त काय उरलं असतं?”

मूळ प्रत वाचताना जो सूर लागतो, कुठल्याच शब्दावर जास्तीचा भार न देणारा, त्याच सुरात हे वाक्य आले. ऐकताना मुद्रितशोधकाची नजर सवयीने टेबलावरच्या छापील पानावर गेली, जणू ते तिथे सापडणार होते. सापडले नाही. तेव्हा त्याला मान वर करावी लागली.

बाई त्याचे यंत्र बंद करत होत्या. त्यांनी ते शालीच्या टोकाने पुसले, कागदी वेष्टनात घातले आणि खोक्यात नीट बसवले.

“दुकानदार परत घेईल?”

“सात दिवसांत. खोका फाडायचा नाही म्हणाला.”

“नाही फाटलेला. मग परत करून टाका. उगाच कशाला?”

“हो.”

“आणि मग?” बाईंनी विचारले.

प्रश्न साधा होता आणि तो विचारून झाल्यावर त्या थांबल्या होत्या. मूळ प्रत समोर होती, बोट ठेवायची ओळ ठरलेली होती, पण त्यांनी बोट ठेवले नव्हते. मुद्रितशोधकाला उत्तरे सुचली. डोळे थकलेले असतात. घरी गडबड असते. सुटीत वाचून काढीन सगळी, तुम्ही यादी द्या. यातले कोणतेही चालले असते; बाईंनी ते मान हलवून पिशवीत टाकले असते, जशी पुस्तके टाकत आल्या होत्या. ज्या पुस्तकांतली त्याला ओळ न् ओळ आठवत होती ती सगळी याच खोलीत, याच टेबलापाशी ऐकून झाली होती, आणि त्यांतले एकही त्याने स्वतःहून निवडलेले नव्हते. हे त्याला आज कळत होते असे नव्हे. फक्त त्याकडे पाहायचे म्हटले की प्रत्येक वेळी दिवा आड आला होता, किंवा शाई, किंवा समास.

त्याने पेन्सिलींवरचा हात काढला. त्या पुन्हा वाजू लागल्या.

“बाई,” तो म्हणाला, आणि या वेळी नाकातल्या नाकात म्हणाला नाही, “मला वाचायला आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं.”